भागधारकांचा वाद संपला, आता कोर्टाचा खर्च कोणाच्या खिशातून? नाशिककरांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

आमची कंपनी अंबड औद्योगिक वसाहतीतली, तीन घरांची. वडिलांच्या पश्चात माझ्याकडे २५ टक्के शेअर आले. काही वर्षांनी मला नोटीस न देता नवे शेअर वाटले गेले आणि माझा वाटा एका बैठकीत निम्म्यावर आला. त्यावरून चार वर्षे वाद चालला. निकाल माझ्या बाजूने लागला, नवे शेअरवाटप रद्द झाले, माझे शेअर योग्य किमतीला विकत घेण्याचा आदेश झाला आणि 'प्रतिवादींनी अर्जदाराला खर्चापोटी २ लाख रुपये द्यावेत' असेही त्यात होते. माझा प्रत्यक्ष खर्च ११ लाखांच्या पुढे गेला होता, पण खरा धक्का चेक हातात आल्यावर बसला. चेक कंपनीच्या खात्यावरचा होता. शेअर हस्तांतर व्हायचे होते, म्हणजे त्या कंपनीत एक चतुर्थांश वाटा तेव्हाही माझाच होता. मला मिळालेल्या २ लाखांतले ५० हजार माझेच होते.

चूक आमच्या बाजूची होती. प्रतिवादी क्रमांक १ म्हणून कंपनीच असते, आणि आमच्या अर्जात 'प्रतिवादींकडून खर्च मिळावा' एवढेच मोघम लिहिलेले होते. नाशिकमध्ये घरोघरी चालणाऱ्या अशा खासगी कंपन्या किती आहेत हे सातपूर-अंबडमधून एक चक्कर मारली की कळते. भाऊ, चुलत भाऊ, मेहुणे, जुने मित्र असे भागधारक. भांडण लागले की सगळे लक्ष शेअरवर आणि खुर्चीवर असते, खर्चाचा विचार कोणी करत नाही. तो पहिल्या दिवसापासून कसा करायचा ते खाली लिहिले आहे. हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेणार नाही, पण वकिलाला नेमके काय विचारायचे ते यातून कळेल.

१. तुमचा वाद कोणत्या दारात आहे ते आधी पाहा

खर्चाचे नियम दारानुसार बदलतात.

बहुमतवाल्यांनी अल्पमतातल्या भागधारकावर अन्याय केला, कारभार बिघडवला, अशी तक्रार असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४१ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत जावे लागते. आपल्यासाठी ते मुंबईचे बेंच. इथे खर्च देण्याचा अधिकार कलम २४२(२) च्या खंड (एल) मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे: न्यायाधिकरणाला योग्य वाटेल तो खर्च. 'हरणाऱ्याने द्यावा' असा ठोकताळा त्यात नाही. म्हणून मागणाऱ्याने कारण आणि आकडा दोन्ही समोर ठेवायचे असतात. नाहीतर निकालाच्या शेवटी 'खर्चाबाबत आदेश नाही' अशी एक ओळ येते आणि विषय संपतो.

भागधारकांमधल्या कराराचा भंग झाला आणि पैशाची मागणी आहे, असा वाद वाणिज्य न्यायालय कायदा २०१५ खाली 'वाणिज्य विवाद' ठरतो. त्याच्या व्याख्येत भागधारक करार नावाने आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ३ लाख रुपये आणि त्यावरचे दावे या नियमांत येतात; आधी ही मर्यादा १ कोटी होती. इथे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ बदललेल्या रूपात लागू होते आणि खर्चाच्या बाबतीत हेच सर्वांत भक्कम दार आहे. साधारण नियम असा की हरणाऱ्याने द्यावे. न्यायालयाला वेगळे करायचे असेल तर कारणे लेखी द्यावी लागतात.

करारात लवादाचे कलम असेल तर लवाद कायद्याचे कलम ३१ए पाहा. तिथेही हरणारा देतो, पण एक बारीक गोष्ट हमखास सुटते. 'निकाल काहीही लागो, सर्व खर्च अमुक पक्षाने करावा' असे कलम वाद उद्भवण्याआधीच्या करारात असेल तर ते चालत नाही. तसे ठरवायचे असेल तर वाद उभा राहिल्यावरच ठरवता येते. तुमच्या जुन्या भागधारक करारात असे वाक्य असेल तर त्याला घाबरू नका आणि त्याच्या भरवशावरही राहू नका.

सापळा: अन्याय आणि गैरव्यवस्थापनाचा वाद नाशिकच्या दिवाणी न्यायालयात लावणे. कंपनी कायद्याच्या कलम ४३० ने तो रस्ता बंद केलेला आहे. सीबीएसजवळच्या कोर्टात तारखांना जाणे मुंबईपेक्षा सोपे, या एका कारणाने लोक इथे दावा लावतात, अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो जातो आणि वर समोरच्याचा खर्च अंगावर येतो.

दुसरा सापळा पात्रतेचा. कलम २४१ खाली जायला शेअर भांडवल असलेल्या कंपनीत १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यांपैकी कमी असेल तेवढे सभासद, नाहीतर निर्गमित भांडवलाच्या किमान एक दशांश शेअर लागतात. निर्गमित भांडवल, म्हणजे कंपनीने वाटलेले एकूण शेअर, मोजताना प्रेफरन्स शेअरही (लाभांशात प्राधान्य असलेले शेअर) धरले जाऊ शकतात. टाटा सन्सच्या वादात मिस्त्री गटाच्या कंपन्यांकडे सामान्य शेअर १८ टक्क्यांच्या वर होते, तरी याच मुद्द्यावर २०१७ मध्ये मुंबई बेंचने अर्ज फेटाळला आणि पुढे अपिलात त्यांना अटीतून सूट मिळाली. तीच सूट कलम २४४ खाली तुम्हालाही मागता येते. अर्ज करण्याआधी हा हिशेब सीएकडून लेखी करून घ्या.

२. खर्च मागा, आणि कोणाकडून ते नावानिशी लिहा

सगळ्या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

अर्जाच्या किंवा दाव्याच्या शेवटी 'प्रार्थना' असते. वकिलाच्या संगणकात ठरलेला मजकूर असतो, त्यात 'अर्जाचा खर्च मिळावा' एवढीच ओळ येते. ती बदलून घ्या. मी आज लिहून घेतले असते ते असे:

'अर्जाचा संपूर्ण वाजवी खर्च प्रतिवादी क्रमांक २ ते ४ यांनी वैयक्तिकरीत्या, संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारीने, आदेशापासून ३० दिवसांत द्यावा. तो खर्च प्रतिवादी क्रमांक १ कंपनीच्या निधीतून देऊ नये व नंतर कंपनीकडून भरपाई म्हणून घेऊ नये.'

यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. 'वैयक्तिकरीत्या' नसेल तर चेक कंपनीचा येतो. 'संयुक्त आणि स्वतंत्र' नसेल तर तीन भाऊ एकमेकांकडे बोट दाखवतात. मुदत नसेल तर पैसे कधी देणे लागतात यावरच वाद सुरू होतो. आणि शेवटचे वाक्य नसेल तर संचालक आज स्वतःच्या खात्यातून देतील आणि उद्या 'कंपनीच्या कामासाठी झालेला खर्च' म्हणून व्हाउचर लावून परत घेतील.

अर्ज आधीच दाखल झाला असेल तरी दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जितका लवकर तितका बरा.

३. कंपनीच्या पैशावर पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवा

वाद भागधारकांचा, पण एका बाजूच्या हातात कंपनीचे चेकबुक. ते आपल्या वकिलाची फी कंपनीतून देतात, तुम्ही मात्र घरातले दागिने मोडून देता. त्यांच्या फीतला २५ टक्के हिस्साही तुमचाच असतो. हे मला फार उशिरा समजले, आणि इतके दिवस ते उघड डोळ्यांसमोर होते याचे आजही वाईट वाटते.

कंपनीला कोर्टात हजर राहावे लागते, नोंदवह्या दाखवाव्या लागतात, आदेश पाळावा लागतो. तेवढा खर्च कंपनीने करावा हे रास्त आहे. पण मालकांच्या भांडणात कंपनीने तटस्थ राहावे आणि संचालकांच्या वैयक्तिक बचावाचा भार तिच्यावर टाकू नये, हा मुद्दा तुम्ही ठामपणे मांडायला हवा.

कंपनीतून झालेला हा खर्च कसा शोधायचा? कंपनीचे वार्षिक ताळेबंद एमसीए (केंद्राचे कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर शुल्क भरून पाहता येतात. त्यातल्या टिपांमध्ये 'लीगल अँड प्रोफेशनल चार्जेस' अशी ओळ असते. वाद सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांचे आणि नंतरचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. ८० हजारांवरून आकडा एकदम ९ लाखांवर गेलेला दिसला तर तो कागदच बोलतो. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागण्याचा हक्क सभासद म्हणून कलम ११९ खाली तुम्हाला आहे. संचालक मंडळाच्या इतिवृत्तासाठी मात्र न्यायाधिकरणाकडेच मागणी करावी लागते.

मग कलम २४२(४) खाली अंतरिम अर्ज करा: वाद संपेपर्यंत प्रतिवादींचा वकील खर्च कंपनीतून करू नये, आणि झालेल्या खर्चाचा तपशील प्रतिज्ञापत्रावर द्यावा.

आणखी एक जागा आहे, जिच्याकडे माझ्या ओळखीतल्या एकाही भागधारकाचे लक्ष गेले नव्हते. निकालात 'शेअर योग्य किमतीला विकत घ्यावेत' असे आले की मूल्यांकन होते. कंपनीने तीन वर्षांत वकिलांवर २० लाख उडवले असतील तर कंपनीची किंमत तेवढी घटलेली असते आणि तुमच्या शेअरचा भाव त्यामागोमाग खाली येतो. मूल्यांकनकाराला लेखी कळवा की हा खर्च नफ्यात आणि मालमत्तेत परत मिळवून हिशेब करावा. आमच्या मूल्यांकनाच्या वेळी हे मला शेवटच्या आठवड्यात सुचले. खर्चाच्या आदेशातून मिळाले त्यापेक्षा जास्त पैसे त्या एका पत्राने मिळवून दिले.

४. खर्चाची वेगळी फाइल ठेवा

पावती नसलेला खर्च झालाच नाही असे धरून चाला. ही फाइल मुख्य केसच्या फाइलमध्ये मिसळू नका. तिच्यात लागतील ते कागद:

- वकीलपत्राची प्रत आणि फी कशी ठरली त्याचे पत्र किंवा ईमेल
- वकिलांची प्रत्येक पावती, आणि पैसे बँकेतून गेल्याची नोंद
- कोर्ट फीची चलने, न्यायाधिकरणाच्या शुल्काच्या पावत्या
- दाव्याआधीच्या नोटिशीचा खर्च, स्पीड पोस्टाच्या पावत्या
- टायपिंग, झेरॉक्स, नोटरी
- नक्कल विभागातून घेतलेल्या प्रमाणित प्रतींच्या पावत्या
- साक्षीदारांचा भत्ता व प्रवास
- सीए, मूल्यांकनकार, हस्ताक्षरतज्ज्ञ यांची बिले
- प्रवासाची तिकिटे, कोणत्या तारखेसाठी ते मागे लिहून
- तारखांची वही: दिवस, काय झाले, कोणामुळे पुढे गेली

नोटीस, टायपिंग, कागद तपासणी, समन्स न काढता आणलेले साक्षीदार यांचा खर्च मागता येतो हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २०ए मध्ये लिहिलेलेच आहे. प्रवासाबद्दल लोकांना शंका असते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या सालेम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात म्हटले आहे की खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा आणि त्यात जिंकणाऱ्याचा गेलेला वेळ, प्रवास, राहण्याचा खर्चही यावा. नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन रात्री परतणाऱ्याने ही तिकिटे जपून ठेवलीच पाहिजेत. सगळे मान्य होईलच असे नाही, पण न मागितलेले कधीच मान्य होत नाही.

सापळा: वकिलाला रोख देणे. मी पहिले वर्षभर अर्धी फी रोख दिली. ते पैसे हिशेबात आणताच आले नाहीत.

'जिंकल्यावर वसुलीतले इतके टक्के द्या' असे कोणी म्हणत असेल तर थांबा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे.

५. तडजोडीचा प्रस्ताव लेखी द्या

वाणिज्य दाव्यात खर्च ठरवताना न्यायालय पाहते की एका बाजूने वाजवी तडजोड पुढे केली होती का आणि दुसरीने ती विनाकारण नाकारली का. हे बदललेल्या कलम ३५ मध्येच आहे. तुम्ही दोन वर्षांपूर्वी ६० लाखांत शेअर द्यायला तयार होता, समोरच्यांनी उत्तरही दिले नाही, आणि शेवटी ७० लाखांचा आदेश झाला, असे समजा. मग त्या पत्राच्या तारखेपासून पुढचा सगळा खर्च त्यांच्यामुळे झाला असे तुम्ही म्हणू शकता, कारण 'अमुक तारखेपासूनचा खर्च' असा आदेशही न्यायालय देऊ शकते.

प्रस्तावात नेमका आकडा, पैसे देण्याचे टप्पे, उत्तराची मुदत हवी. 'हक्कांना बाध न येता, मात्र खर्चाच्या प्रश्नावर हे पत्र दाखवण्याचा अधिकार राखून' अशी ओळ हवी.

हे पत्र मध्यस्थीच्या बाहेर द्या. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर वाणिज्य दाव्याआधी कलम १२ए खाली मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशनच्या निकालात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. पण मध्यस्थीत बोललेले गोपनीय असते, ते नंतर कोर्टात दाखवता येत नाही. मध्यस्थाच्या खोलीत फार उदार आकडा सांगून आलात आणि बाहेर एकही कागद नाही, तर खर्चाच्या वेळी तो उदारपणा कामाला येत नाही.

आणि तडजोड झालीच तर पुरसिसमध्ये, म्हणजे कोर्टात दिल्या जाणाऱ्या लेखी निवेदनात, खर्चाची ओळ घाला. दोन्ही बाजूंनी आपापला खर्च सोसायचा की एकाने द्यायचा, ते स्पष्ट. लोकअदालतीत मिटले तर कोर्ट फी परत मिळण्याची तरतूद आहे. ती कोणाच्या खात्यात जाईल तेही लिहा.

६. वाया गेलेल्या तारखांचा खर्च त्याच दिवशी मागा

दिवाणी न्यायालयात कलम ३५बी आहे. वेळकाढूपणासाठी लावलेला खर्च भरल्याशिवाय त्या बाजूला आपला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. शेवटी मागू म्हणून ठेवलेत तर कोणाला ती तारीख आठवत नाही. समोरचा वादी परदेशात राहत असेल आणि वादातल्या मिळकतीखेरीज भारतात त्याची पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर ऑर्डर २५ खाली खर्चाचे तारण मागा.

७. अंतिम युक्तिवादाबरोबर खर्चाचे टिपण द्या

दोन-तीन पानांचे टिपण पुरे. पहिल्या पानावर एकूण आकडा आणि बाबवार तक्ता, पुढे समोरच्यांचे वर्तन तारखांसह, शेवटी तडजोडीचे पत्र. सोबत प्रतिज्ञापत्र आणि पावत्या.

अर्धा विजय असेल तर प्रामाणिकपणे विभागणी करा. आम्ही पाच मुद्दे मांडले होते, तीन सिद्ध झाले, दोन नाही. त्यातला एक तर रागाच्या भरात घातलेला होता, चुलत भावाने कारखान्यातले भंगार परस्पर विकले असा, आणि पुराव्याला आमच्याकडे काहीच नव्हते. असे आरोप महागात पडतात. कलम ३५ मध्येच उदाहरण दिले आहे: वादीला पैशाचा हुकूमनामा (डिक्री) मिळाला, पण त्याची नुकसानभरपाईची मागणी उगाच त्रास देण्यासाठी केलेली ठरली, तर जिंकलेल्या वादीवरही खर्च बसू शकतो. म्हणून टिपणात स्वतःच सांगा की या दोन मुद्द्यांवरचा इतका खर्च आम्ही मागत नाही. उरलेला आकडा मग गांभीर्याने घेतला जातो.

तुम्ही हरलात तरी हे टिपण द्या. समोरच्यांचा आकडा अवाजवी का, त्यांनी किती तारखा घेतल्या, कंपनीच्या पैशातून आधीच भागलेला खर्च ते तुमच्याकडून पुन्हा कसा मागत आहेत, हे सांगायची ती शेवटची संधी असते. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दलच्या कलम ३५ए खाली साध्या दिवाणी दाव्यात ३ हजारांची मर्यादा आहे. वाणिज्य दाव्यात ती काढून टाकली आहे, हे विसरू नका.

८. आदेश हातात आल्यावर तीन गोष्टी तपासा

पैसे कोणी द्यायचे, किती, कधीपर्यंत. दिवाणी दाव्यात 'खर्चासह मंजूर' एवढेच असेल तर आकडा हुकूमनाम्यात येतो. तिथे वकील फी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे धरली गेली तर ती तुम्ही दिलेल्या फीच्या जवळपासही नसते. म्हणून हुकूमनामा तयार होताना वकिलांना त्यात लक्ष घालायला सांगा.

नाव किंवा आकड्यात उघड चूक असेल तर न्यायाधिकरणाकडे कलम ४२०(२) खाली दोन वर्षांच्या आत दुरुस्ती मागता येते, पण त्याआधी अपील झालेले नसावे. दिवाणी न्यायालयात त्यासाठी कलम १५२ आहे. मोघम प्रार्थनेमुळे मोघम आदेश आला असेल तर ती उघड चूक धरली जाईलच असे नाही. आमच्या वकिलांनी म्हणूनच तो अर्ज केला नाही.

अपिलाची मुदत लक्षात ठेवा: एनसीएलटीच्या आदेशावर प्रत मिळाल्यापासून ४५ दिवस, आणि पुरेसे कारण दाखवल्यास वाढीव ४५ दिवसांपर्यंत. वाणिज्य न्यायालयाच्या निकालावर निकालाच्या तारखेपासून ६० दिवस. फक्त खर्चाच्या रकमेसाठी केलेले अपील क्वचितच उभे राहते, तेव्हा त्यासाठी पुन्हा लाखभर घालण्याआधी दोनदा विचार करा.

९. वसुली

मुदत संपताच वकिलामार्फत पत्र द्या. पैसे आले नाहीत तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या बजावणीचा अर्ज. न्यायाधिकरणाचा आदेश कलम ४२४(३) खाली कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. आदेश कंपनीविरुद्ध असेल तर नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या, आणि व्यक्तीविरुद्ध असेल तर ती जिथे राहते किंवा धंदा करते तिथल्या न्यायालयाकडे तो बजावणीसाठी पाठवता येतो. म्हणजे वसुलीसाठी पुन्हा मुंबईच्या फेऱ्या नाहीत, काम नाशिकलाच होते. दरखास्तीत प्रतिवादींची वैयक्तिक बँक खाती, कंपनीकडून त्यांना मिळणारा लाभांश, त्यांचे शेअर यांचा तपशील द्या.

चेक हातात आला की तो वटवण्याआधी कोणाच्या खात्यावरचा आहे ते वाचा. आदेश वैयक्तिक असेल आणि चेक कंपनीचा असेल, तर लेखी पत्रासह त्याच दिवशी परत करा आणि पोच घ्या.